मुक्काम कोणाचा, मोल कोणाचे?

जळगाव-धुळ्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल आणि पावरा वस्त्या आहेत. उद्या कोणी कलासंग्राहक तेथील कारागिरांत मुक्कामास आला, तर काय घडेल? वारल्यांचा अनुभव बोलका आहे.

१९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी यांना मिथिलेत धाडले. भिंतीवरील चित्रे कागदावर आली, तर स्त्रियांना मिळकत होईल, हा हेतू होता. पुढे १९७०च्या दशकात कुलकर्णी आजच्या पालघर जिल्ह्यातील वारली पाड्यांवर राहिले. लग्नघरी सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. ती कला कागदावर उतरली. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली.

हे श्रेय निर्विवाद आहे. परंतु भिंतीवरील चौकाला बाजारभाव नव्हता, म्हणून दलालही नव्हता. कागदाबरोबर दोन्ही आले. लिहिणाऱ्या सवाशिणी मात्र बहुतांशी अनामिकच राहिल्या.

म्हणून पाहुण्याचे स्वागत अवश्य व्हावे. पण वस्तूची किंमत कोण ठरविणार आणि तिच्यावर नाव कोणाचे राहणार, हे पहिल्याच दिवशी ठरावे. तो अधिकार कारागिरांच्या सहकारी संस्थेचाच असला पाहिजे.