मुकी डिस्क

आपल्या थेरगावात एका खोलीचे संसार पुष्कळ. वडील रात्रपाळी करून येतात नि दिवसा झोपतात. त्याच खोलीत मुलगी जुन्या लॅपटॉपवर अभ्यास करते. लॅपटॉप घरघरतो, वडिलांची झोप मोडते. मुलगी तो बंद करते. अभ्यास राहतो.

आवाज कशाचा, ते आधी पाहू. लेथवरच्या माणसाला बेअरिंगची खरखर कानाने कळते. तसाच इथेही कान लावावा. वाऱ्यासारखा आवाज असेल तर तो पंख्याचा. पंख्यातली धूळ काढावी, डिस्कवर पैसे घालवू नयेत.

बारीक गुणगुण आली तर ती हार्ड डिस्कची. तिच्या पोटात तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. ५४०० वाली बहुधा शांत. पण एसएसडीत फिरणारे काहीच नसते, म्हणून ती मुकीच. धक्काही सोसते. चार पैसे जास्त पडले तरी आम्ही म्हणू, हीच घ्या.

टक् टक् ऐकू आले तर मात्र डिस्क जायला टेकली म्हणून समजा. मुलीचा अभ्यास, घरचे फोटो, सारे त्याच दिवशी दुसरीकडे उतरवून घ्या.

दुकानात जाताना जुनी डिस्क काढून सोबत न्या. माप अडीच इंची. जाडी साडेनऊ मिलिमीटर असेल तर ७ मिलिमीटरचीही पट्टी लावून बसते. फार जुन्या डिस्कला टाचणीसारख्या पिनांच्या दोन रांगा असतात. २००३ नंतर आलेल्या साटा डिस्कचे तोंड चपटे. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. तोंड जुळवून पाहा, मगच पैसे द्या.