बर्फ परवडला, मीठ नको: परदेशात जाताना ऑफिसचे बूट

सिन्नरहून बोलतोय. सध्या आपल्याकडे बॅगा भरायचे दिवस आहेत. कुणी एमएससाठी टोरंटोला, कुणी शिकागोला. आणि प्रत्येकाच्या यादीत एक ओळ हमखास असते: फॉर्मल शूज, एक जोड. घरचे म्हणतात, एवढा परदेशात चाललाय, चांगलेच घे. मग नाशिकला जाऊन सात-आठ हजारांचे, चामडी तळाचे चकचकीत बूट येतात. तेही शिक्षणकर्ज डोक्यावर असताना. तर दुकानात जायच्या आधी हा भाग ऐका.

मी कामानिमित्त टोरंटोत दोन हिवाळे काढलेत. तिथे बुटांचा खरा वैरी बर्फ नाही, मीठ आहे. कोरडा बर्फ झटकला की पडतो. पण साधारण नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल रस्त्यांवर आणि फुटपाथवर मीठ टाकतात. आपलंच सोडियम क्लोराइड, फक्त जाडे खडे. खारं पाणी शून्याला गोठत नाही, म्हणून बर्फ वितळतो. पारा उणे १० च्या आसपास गेला की साध्या मिठाचं फारसं चालत नाही, मग कॅल्शियम क्लोराइडसारखे क्षार येतात. आपल्याला मिळतो तो राखाडी, खारट चिखल, आणि आपण सकाळी इंटरव्ह्यूला त्यातूनच चालत जातो.

जुन्या घराच्या भिंतीला लोणा लागलेला पाहिलाय ना? बुटांचं तेच होतं. पाणी चामड्यात मुरतं, सोबत मीठ नेतं. ऑफिसच्या गरम हवेत पाणी उडून जातं आणि मीठ पृष्ठभागावर येऊन बसतं. ती पांढरी, नागमोडी रेघ. नुसती दिसायला वाईट असती तर चाललं असतं, पण चामडं कोरडं पडतं, कडक होतं आणि बोटांपाशी जिथे वाकतं तिथे तडकतं. महागड्या बुटाला यातून सवलत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बूट दोन-तीन हजारांचे घ्या, काळे, लेसचे, रबरी तळाचे. चामडी तळ पाणी पितो आणि बर्फावर घसरतो. पीव्हीसीचा स्वस्त तळही नको, थंडीत तो प्लॅस्टिकसारखा कडक होतो. बूटप्रेमी लोक ज्याला नाक मुरडतात ते वरून कोटिंग केलेलं चामडं आपल्या कामाचं आहे, कारण त्यात पाणी लवकर मुरत नाही आणि ओल्या फडक्याने पुसता येतं. स्वेड अजिबात नको. माप घेताना जाड लोकरी मोजे घालूनच घ्या. घट्ट बुटात पाय जास्त गार पडतो.

घरात आधीच चामडी तळाचा चांगला जोड असेल तर नवा घेऊच नका. बूट शिवणाऱ्या काकांकडून त्याला रबरी हाफ सोल मारून घ्या. तिकडे याच कामाचे इतके पैसे पडतात की आकडा ऐकून आपण बूट परत पिशवीत टाकतो.

वाचलेले पैसे तिकडे ओव्हरशूजवर खर्च करा. म्हणजे बुटावर चढवायचं रबरी कव्हर. स्टेशनपासून ऑफिसच्या दारापर्यंत घालायचं, आत गेलं की काढून पिशवीत. थोडं गमबुटासारखं दिसतं, पण तिथे कुणी वळूनही बघत नाही. दुसरा मार्ग म्हणजे येता-जाता जाड स्नो बूट आणि फॉर्मल शूज ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. रोज जाणाऱ्याला हे बरं. इंटरव्ह्यूसाठी चार ठिकाणी फिरणाऱ्याला ओव्हरशूज.

एकाने विचारलं होतं, वडिलांचे मुसळगाव एमआयडीसीतले सेफ्टी शूज नेऊ का? तळ मजबूत असतो, खरंय. पण साधे सेफ्टी शूज कडाक्याच्या थंडीसाठी बनवलेले नसतात. राहू द्या. आणि 'निफाडची थंडी काढलीय, मला काय होतंय' असं म्हणणाऱ्यांनो, निफाडला फुटपाथवर मीठ टाकत नाहीत.

आता डाग पडलाच तर. त्याच संध्याकाळी पुसा, आठवडाभर ठेवू नका. एक भाग पांढरं व्हिनेगर, दोन भाग पाणी, सुती फडकं, हलक्या हाताने. मग साध्या ओल्या फडक्याने एकदा. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि हीटरपासून लांब वाळू द्या. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कारण ओलं चामडं हीटरला लावलं की ते वाळून पापड होतं. पूर्ण वाळल्यावर क्रीम पॉलिश लावा. आपली चकाकी आणणारी लिक्विड पॉलिशची बाटली इथे उपयोगाची नाही, चामड्याला स्निग्धपणा परत हवा असतो.

शक्य असेल तर एकच जोड रोज घालू नका, एक दिवस सुकायला द्या. दोन जोड परवडत नसतील तर निदान शनिवार-रविवारी स्पोर्ट्स शूज घाला.

जॅकेट इथून न्यायचं की तिकडे घ्यायचं, यावर खूप मेसेज आलेत. ते पुढच्या भागात. तोपर्यंत बॅगेचं वजन करून ठेवा.