बादलीतलं विसर्जन

मी त्र्यंबकहून बोलतेय, बचत गटांची समन्वयक. तुमच्यातल्या बऱ्याच जणी मला हप्त्यांच्या वहीमुळे ओळखतात. पण घाबरू नका, आज हप्त्याचं काही विचारणार नाही. आज गणपतीच्या मूर्तीबद्दल बोलायचंय आणि त्यासोबत थोडं रसायनशास्त्र. मी बी.ए. झालेली, शास्त्राशी माझा संबंध दहावीला सुटला. म्हणून जे सांगणार आहे ते शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमकडून दोनदा तपासून घेतलंय.

आपल्याकडे गोदावरीला गोदावरी कोण म्हणतं? आपण गंगाच म्हणतो. पैठणला, नांदेडला ती मोठी नदी आहे, पण ब्रह्मगिरीवरून उतरते तेव्हा एवढीशी धार असते. त्या धारेत मूर्ती सोडली तर ती जाणार कुठे? एका वर्षी अनंत चतुर्दशीनंतर आम्ही गटाच्या बायका पाण्याकाठी सफाईला गेलो. गाळात कुठे सोंड, कुठे हात, कुठे अर्धा मुकुट. आमच्या एका मावशींनी पदर डोळ्याला लावला. म्हणाल्या, "दहा दिवस मोदक खाऊ घातले आणि शेवटी हे?"

या मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसच्या, म्हणजे पीओपीच्या. पीओपी म्हणजे भाजलेला जिप्सम. जिप्सम हा खाणीतला दगड, आपल्या देशात तो मुख्यतः राजस्थानातून येतो. साधारण दीडशे अंशांना भाजला की त्यातलं बरंचसं पाणी उडतं आणि पांढरी पूड उरते. तिच्यात पाणी घातलं की ती ते परत ओढून घेते आणि पुन्हा दगड होतो. म्हणजे आपण जी मूर्ती पाण्यात सोडतो ती मुळात पाणी पिऊनच घट्ट झालेली असते. ती आणखी पाण्याने कशी विरघळेल? एक लिटर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम जिप्सम विरघळतो. मॅडमनी हिशेब करून दाखवला. दोन किलोची मूर्ती पुरती विरघळायला आठशे-नऊशे लिटर पाणी लागेल, तेही सतत ढवळत राहिलं तर! वर ऑइलपेंटचा थर असला की पाणी आत शिरतच नाही.

यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, एनसीएलने, उपाय शोधला. ही पाषाणची प्रयोगशाळा १९५० पासूनची. २०१६ च्या सुमारास पुणे महापालिकेने त्यांच्या मदतीने लोकांना एक पावडर वाटायला सुरुवात केली, अमोनियम बायकार्बोनेट. नाव मोठं असलं तरी वस्तू ओळखीची आहे. बेकरीवाले बिस्किटं फुगवायला हीच वापरतात. ती पाण्यात घालून मूर्ती त्यात ठेवली की जिप्समचं रूप बदलतं. खाली खडूची पूड बसते, वर राहणाऱ्या पाण्यात अमोनियम सल्फेट उतरतं. अमोनियम सल्फेट म्हणजे तुमचे मालक दुकानातून आणतात तेच खत.

मला हे फार आवडलं. लगेच गटाच्या बैठकीत सांगितलं, आणि घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "बाप्पाला बादलीत बुडवायचं? आणि वर झाकण? त्याला निरोप दिलाय की कोंडून ठेवलंय?" दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. मीही काही फार शहाणपणा केला नाही, उलट बोलले. शेवटी आमच्या जाऊबाईंनी तोडगा काढला. उत्तरपूजा घरातच करायची, आरती अंगणात, नवीन बादली घेऊन तिला हळदकुंकू लावायचं आणि पहिलं बुडवणं सासूबाईंच्या हातून. झाकण नको, वर फक्त स्वच्छ कापड. तसं केलं. सासूबाईंनी मूर्ती ठेवली आणि "पुढच्या वर्षी लवकर या" एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की शेजारच्या काकू बाहेर आल्या.

आता चुका सांगते, कारण तुम्ही त्याच कराल. पहिली चूक पावडरची. आमटीत मीठ घालावं तशी मी दोन मुठी टाकली. तिसऱ्या दिवशी बाप्पा जसेच्या तसे! पावडर जवळजवळ मूर्तीच्या वजनाइतकी लागते. दोन किलोची मूर्ती असेल तर दोन किलो पावडर आणि मूर्ती बुडेल एवढं पाणी. मधून मधून काठीने हलवायचं, दोन दिवसांत काम होतं. दुसरी गोष्ट वासाची. डोळ्यांना झोंबेल असा अमोनियाचा वास सुटतो. बादली अंगणात किंवा गच्चीवर ठेवायची, न्हाणीघरात अजिबात नाही, आणि मुलांना लांब ठेवायचं.

तिसरी चूक सांगताना अजून जीव कसनुसा होतो. "खत आहे" एवढंच डोक्यात होतं. बादलीतलं वरचं पाणी मी तांब्या-तांब्याने वृंदावनातल्या तुळशीला घातलं. चार दिवसांत तुळस करपली. सासूबाईंची ती वीस वर्षांची जागा! नंतर मॅडम म्हणाल्या, "अगं, दोन किलोच्या मूर्तीतून दीड किलो अमोनियम सल्फेट तयार होतं. दीड किलो खत एका तुळशीला कुणी घालतं का?" ते पाणी भरपूर साध्या पाण्यात पातळ करून, थोडं थोडं, बऱ्याच झाडांना द्यायचं. रंग फार असेल तर भाजीपाल्याला मुळीच नको.

कारण एनसीएलची पावडर प्लास्टर विरघळवते, रंग नाही. भडक रंगांत शिसं, क्रोमियम असू शकतं, ते बादलीतच राहतं. रंगाचे पापुद्रे तरंगतात, ते गाळून वेगळे काढावे लागतात आणि ते कुठे टाकायचे याचं चांगलं उत्तर गावात कुणाकडे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये पीओपी मूर्तींना मनाई केली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या बनवायला आणि विकायला परवानगी दिली, मात्र नदी-तळ्यात सोडायच्या नाहीत असंही सांगितलं. म्हणजे बाजारात मूर्ती येणार आणि तिचं काय करायचं हा प्रश्न घरच्या बाईकडे येणार.

म्हणून आमच्या गटाने शाडूच्या मूर्ती करायला घेतल्या. शाडूला पावडर लागत नाही, बादलीभर पाण्यात काही तासांत तिचा चिखल होतो. पण शाडूही इथली नाही, बरीचशी गुजरातेतून येते आणि खाणीतूनच निघते. पुण्यात 'पुनरावर्तन' नावाची मोहीम आहे. विसर्जनानंतरचा चिखल गोळा करून तीच माती कारागिरांना परत देतात. आम्हीही यंदा तेच केलं. चिखल जुन्या सुती साडीतून गाळला, वाळवला, कुटला, पुन्हा भिजवला. मळताना चिकटपणा थोडा कमी वाटला म्हणून निम्मी नवी माती मिसळली. रंगवलेल्या मूर्तींची माती वेगळी ठेवली, ती मुलांच्या खेळण्यांना.

अजून मूर्ती तडकतात. दहातल्या दोन वाळताना जातात, सोंडेजवळच चीर पडते. पेणच्या कारागिराची सफाई आमच्या हाताला नाही, आणि किंमत पीओपीपेक्षा जास्त, त्यामुळे गिऱ्हाईक मूर्ती हातात घेऊन परत ठेवतं, तेव्हा वाईट वाटतं.

तुमच्याकडे न रंगवलेल्या शाडूच्या मूर्तीची माती असेल तर फेकू नका. गोणीत भरून गटाच्या बैठकीला घेऊन या. आणि हो, सासूबाईंच्या वृंदावनात मी नवीन तुळस लावली आहे. तिला पाणी मात्र त्या स्वतःच घालतात.