मुकें यकृत, बोलकें रक्त

एरंडोलास कडुलिंबावर चढलेली गुळवेल दिसली तर कोणास नवल वाटत नाहीं. ताप आला कीं तिचा काढा द्यावा, ही रीत घरोघरीं जुनीच आहे. करोनाच्या साथींत हा काढा मोठ्या शहरांतील घरांतहि शिरला. आणि २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर ह्या काळांत मुंबईंतील डॉक्टरांस यकृतास इजा झालेले सहा रुग्ण असे आढळले कीं, ते सर्व गुळवेल घेत होते. हा वृत्तांत २०२१ सालीं प्रसिद्ध होतांच केंद्राच्या आयुष मंत्रालयानें त्यास हरकत घेतली. वनस्पतीची ओळख नीट पटविलेली नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें. तो वाद बाजूस ठेवला तरी एक प्रश्न उरतोच : पोटांत दडलेल्या ह्या अवयवास इजा झाली, हें कळतें कसें?

यकृत मुकें आहे. बरेंच बिघडेपर्यंत तें तक्रार करीत नाहीं. परंतु रक्त बोलतें. कणगीभोंवतीं दाणे सांडलेले दिसले म्हणजे शेतकरी ओळखतो कीं, तिला कोठें तरी भोंक पडलें. यकृताच्या पेशी दुखावल्या म्हणजे त्यांतील एन्झाइम नांवाचीं द्रव्यें अशींच रक्तांत सांडतात. न्यूयॉर्कच्या कार्मेन, व्रोब्लेव्स्की व लाड्यू ह्यांनीं १९५५ सालीं मानवी रक्तांतील अशा एन्झाइमांचें मोजमाप प्रसिद्ध केलें. त्यांपैकीं एएलटी हें मुख्यत्वें यकृतांतील; एएसटी मात्र हृदयांत व स्नायूंतहि असल्यानें एकट्या त्याच्या साक्षीवर विसंबतां येत नाहीं.

सांडलेले दाणे भोंक दाखवितात. आंत धान्य किती उरलें, तें सांगत नाहींत. म्हणून यकृताचें काम चालतें कीं नाहीं, हें पाहण्यास बिलिरुबिन व रक्त गोठण्यास लागणारा वेळ तपासतात. औषधानें पेशी दुखावून वर कावीळहि झाली, तर दहांतील निदान एक रुग्ण दगावण्याचा संभव असतो, हें अमेरिकेंतील डॉक्टर हायमन झिमरमन ह्यांनीं दाखवून दिलें.

क्षयावरील आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन व पायराझिनामाइड ह्या तिन्ही औषधांपासून अशी इजा होऊं शकते. एएलटी नेहमींच्या वरच्या मर्यादेच्या पांचपट झालें, किंवा मळमळ, कावीळ अशीं लक्षणें असतां तिप्पट झालें, तर डॉक्टर तीं औषधें थांबवितात व पुढें एकेक करून पुन्हा सुरू करतात. रुग्णानें आपल्याच मनानें औषध सोडलें तर क्षय बळावतो. लक्षणें लपवून चालू ठेवलें तर यकृत धोक्यांत येतें.

आतां नवे साक्षीदारहि पुढें येत आहेत. जीएलडीएच हें एन्झाइम स्नायूंत फारच थोडें असल्यानें त्याची साक्ष अधिक निर्मळ. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेनंतर मायक्रो-आरएनए-१२२ हें एएलटीच्याहि आधीं वाढूं लागतें. तरीहि कणगी कोणत्या उंदरानें कुरतडली, हें कोणताच दाणा सांगत नाहीं. तें ठाऊक असतें रुग्णास व त्याच्या घरच्यांस. डॉक्टरांनीं विचारलें असतां गोळ्यांचीं नांवें सारेच सांगतात. काढ्याचें नांव मात्र, 'तें का औषध आहे?' म्हणून राहून जातें. रक्ताची साक्ष पुरी व्हावयाची, ती त्या एका नांवानें.