हिशेब भिंतीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर

धानाची कामं आटोपून, चुलीपाशी बसून किंवा भांडी घासता घासता ऐकत असाल, तर तसंच ऐका. आज बोलायचं आहे ते गटाच्या बैठकीत संगणक कुठे आणि कसा मांडायचा याबद्दल.

आधी आमच्याच गटातली गोष्ट सांगते. आमच्यात एकाच नावाच्या दोघी आहेत, फक्त आडनाव वेगळं. हिशेब संगणकावर आला तेव्हा आम्हाला फार आनंद झाला होता. हिशेब लिहिणारी मुलगी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायची आणि आम्ही तिच्याभोवती. तिला पडदा दिसे, आम्हाला लॅपटॉपची पाठ. ती वाचून दाखवी, आम्ही "हो" म्हणून सही करायचो. तीन महिन्यांनी कळलं की एकीचा पाचशेचा हप्ता दुसरीच्या नावावर चढतो आहे. चूक साधी होती, पण बोलणं थेट चोरीपर्यंत गेलं. दोघी वर्षभर एकमेकींच्या दारात गेल्या नाहीत.

पुढे एका बैठकीसाठी प्रोजेक्टर मागून आणला आणि तक्ता भिंतीवर पाडला. आमच्या एका मावशीला अक्षरं येत नाहीत, पण आकडे येतात. त्या लगेच म्हणाल्या, "बाई, माझ्या ओळीत आठशे कसे? मी तर हजार दिले." वही काढली, तर मावशींचंच बरोबर निघालं. चूक तिथल्या तिथे दुरुस्त झाली आणि भांडणही झालं नाही.

आपल्या तिरोड्याला ३३०० मेगावॅटचं वीज केंद्र आहे. अशा मोठ्या वीज केंद्रांच्या नियंत्रण कक्षांत मोठे पडदे लावतात. पाळीवरच्या सगळ्यांना एकच गोष्ट एकाच वेळी दिसावी, हा त्यामागचा हेतू. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या गॅरी बिशप आणि ग्रेग वेल्च या संशोधकांनी तर आपल्या टेबलावरचे संगणकाचे पडदेच काढून टाकले आणि प्रोजेक्टरने भिंतीवर रुंद चित्र पाडून रोजचं काम केलं. २००० साली त्यांनी तो अनुभव लिहिला. २००२ साली मायक्रोसॉफ्टच्या मेरी चेरविन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग मांडला. संगणकावर दाखवलेल्या जागेतून वाट काढताना लहान पडद्यावर बायका पुरुषांच्या मागे पडत होत्या. पडदा मोठा आणि रुंद केला, तेव्हा तो फरक राहिला नाही. म्हणून "बायकांना संगणक जमत नाही" असं कोणी म्हटलं, तर आधी पडदा केवढा होता ते विचारा.

आता मांडणी. भिंत चुन्याची पांढरी घ्या. ऑइलपेंटची नको, ती चमकते आणि बाजूला बसलेलीला काही दिसत नाही. उजेड खिडकीतून येवो की कवेलूच्या फटीतून, भिंतीवर पडू देऊ नका. साधा प्रोजेक्टर सात-आठ फुटांवर ठेवला की सुमारे पाच फूट रुंद चित्र पडतं. तो भिंतीसमोर सरळ ठेवा. तिरपा ठेवला तर चित्र एका बाजूला फाकतं. आपण सतरंजीवर बसतो, म्हणून चित्राची खालची कड जमिनीपासून तीन फूट वर असावी. म्हणजे पुढचीचं डोकं आड येत नाही.

बसताना प्रोजेक्टरच्या दोन्ही अंगांना आणि मागे बसा. भिंतीला चिकटून कडेला बसू नका. सगळ्यात मागची बाई पंधरा फुटांवर असेल, तर आकडा दीड इंच उंच हवा. त्यामुळे एका वेळी दहाच नावं दाखवा.

लिहिणारी मुलगी आपल्याकडे पाठ करून पुढे बसणार नाही. ती प्रोजेक्टरशेजारी, आपल्यातच बसेल. आपण जे पाहतो तेच तिनेही पाहायचं. चित्र रुंद आहे त्याचा फायदा घ्या. डावीकडे मागच्या महिन्याचा तक्ता, उजवीकडे या महिन्याचा. पानं उलटत बसावं लागत नाही आणि फरक लगेच दिसतो.

वायर भिंतीच्या कडेने न्या, पायात येऊ देऊ नका. प्रोजेक्टरवर कापड टाकू नका, तो तापतो. लेकरांना त्याच्या उजेडात डोळे घालू देऊ नका.

आणखी एक गोष्ट, फार महत्त्वाची. भिंतीवर सगळंच दाखवायचं नसतं. बचत, हप्ता आणि शिल्लक दाखवा. आधार क्रमांक, फोन नंबर, कोणी कशाच्या दुखण्यासाठी कर्ज घेतलं, ते झाकून ठेवा. हिशेब सगळ्यांचा असला तरी दुःख जिचं तिचं असतं.

प्रोजेक्टर विकत घ्यायची घाई नको. शाळेत किंवा ग्रामपंचायतीत असेल तर ग्रामसंघाच्या नावाने अर्ज करून महिन्यातून एक दिवस मागा. वीज गेली तर कागदाची वही आहेच, ती बंद करू नका.

पुढच्या बैठकीत सही करण्याआधी एवढंच म्हणा, "ताई, आम्हाला दाखव." आमच्या त्या दोघी आता पुन्हा शेजारी बसतात. दोघींची नजर मात्र भिंतीवर असते.