घरी राहून धर्मभगिनी



धर्मभगिनी म्हटले की डोळ्यांसमोर कॉन्व्हेंटमध्ये राहणारी, ठरावीक पोशाखातली अविवाहित स्त्री येते. शाळेत, दवाखान्यात आपण तिला ‘सिस्टर’ म्हणतो. तिची वाट लांबची असते. आधी उमेदवारी, मग किमान बारा महिन्यांची नवदीक्षा, मग काही वर्षांपुरती घेतलेली व्रते, आणि शेवटी आयुष्यभराची. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही ती तीन व्रते. पण कॅथलिक भगिनींच्या संघाचे होण्याची ही एकच वाट नाही. बाकीच्या वाटांबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते, म्हणून आज त्यांच्याविषयी.

सोलापूर जिल्ह्यातल्या आपल्या दुधनीकरांना मठात न राहता मठाचे असण्याची गोष्ट नवी वाटू नये. मराठी आणि कन्नड दोन्ही नांदणाऱ्या आपल्या सीमाभागात लिंगायत मठाचा भक्त मठात राहत नाही. तो शेती करतो, बाजारात अडत चालवतो, लेकरे वाढवतो. गळ्यात इष्टलिंग असते आणि मठही त्याला आपलाच मानतो.

ख्रिस्ती संघांत हे मोकळेपण हळूहळू आले. जुन्या गोव्यात 1606 साली आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी सांता मोनिकाचा मठ स्थापला. आत ऑगस्टिनियन परंपरेच्या भगिनी होत्या, आणि त्यांच्यातही उतरंड होती. काळे शिरोवस्त्र घेणाऱ्या भगिनी गायनमंडपात स्तोत्रे म्हणत, पांढरे शिरोवस्त्र घेणाऱ्या घरकाम सांभाळत. दोघीही भगिनीच, पण मान वेगळा. ही विभागणी मला आजही खटकते. प्रार्थना एकीने म्हणायची आणि चूल दुसरीने फुंकायची, यात देवाचे काम कोणते आणि कोणते नाही, हे कोणी ठरवले? पुढे पोर्तुगीज सरकारने 1834 मध्ये धर्मसंघ बंद केले, नव्या मुली येईनाशा झाल्या आणि मठ रिकामा होत गेला. 1964 पासून तिथे मातेर देई ही धर्मभगिनींच्या शिक्षणाची संस्था चालू झाली.

मठच बंद झाले तर व्रतस्थ जीवन संपते का? हा प्रश्न फ्रान्सला आपल्याआधी पडला होता. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, फेब्रुवारी 1790 मध्ये, तिथल्या सरकारने मठांची व्रते रद्द केली. त्याच वर्षी येशूसंघी धर्मगुरू क्लोरिव्हिएर आणि आदेलाइद द सिसे या बाईंनी मेरीच्या हृदयाच्या कन्यांचा संघ उभा करायला घेतला. पोशाख नाही, मठाची भिंत नाही. व्रते घ्यायची आणि आपल्याच घरात, आपल्याच कामात राहायचे. सोपे नव्हते ते. 1801 मध्ये नेपोलियनवरील बाँबहल्ल्याच्या खटल्यात आदेलाइद यांना आरोपी केले गेले. त्या निर्दोष सुटल्या. याच संघाने 1955 मध्ये मुंबईत निर्मला निकेतनचे समाजकार्य महाविद्यालय सुरू केले. तिथून शिकून बाहेर पडलेल्या कितीतरी मुलामुलींना आपल्या शिक्षिका व्रतस्थ आहेत हे कपड्यांवरून कळलेही नसेल.

मला सगळ्यात जवळची वाटते ती मात्र आणखी वेगळी वाट. जॅकलिन द डेकर या बेल्जियन बाई भारतात सेवा करायला आल्या होत्या. 1948 मध्ये पाटण्याला त्यांची मदर तेरेसांशी भेट झाली. दोघींनी एकत्र काम करायचे ठरत होते, पण जॅकलिनबाईंच्या पाठीच्या कण्याचा आजार बळावला आणि त्यांना मायदेशी परतावे लागले. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. कोलकात्यात गोरगरिबांची सेवा करण्याचे स्वप्न अंथरुणावर येऊन थांबले. 1952 मध्ये मदर तेरेसांनी त्यांना पत्र लिहून विचारले की, आमच्या संघाशी आत्मिक नात्याने जोडून घ्याल का? त्यातून आजारी आणि पीडित सहकाऱ्यांची साखळी उभी राहिली. एकेक रुग्ण एकेका भगिनीशी जोडलेला. भगिनी वस्तीत काम करणार, रुग्ण तिच्यासाठी आपले दुखणे देवाला अर्पण करणार. इथे हातांनी काही करणे ही अटच नाही. जिला कूस बदलायलाही कोणी लागते, ती या घरची पूर्ण सदस्य. आपण माणसाची किंमत त्याच्या उपयोगावर लावायला इतके सरावलो आहोत की, हे ऐकून मन हलते.

संसारी लोकांसाठीही दार उघडले. मदर तेरेसांच्या सहकाऱ्यांच्या संघटनेला 1969 मध्ये पोपची मान्यता मिळाली. 1984 मध्ये रोममध्ये फादर सेबॅस्टियन वाळकला यांनी मदर तेरेसांच्या संघाची प्रापंचिकांसाठीची शाखा सुरू केली. तिच्यात नवराबायको मिळून व्रते घेऊ शकतात. ब्रह्मचर्याच्या जागी तिथे एकमेकांशी निष्ठा.

सोलापूर जिल्हा पुणे धर्मप्रांतात येतो. आपल्या गावांमध्ये भगिनींच्या शाळेत वर्षानुवर्षे मनापासून शिकवणाऱ्या बाई असतात, दवाखान्यात पडेल ते काम करणारी आया असते, संध्याकाळच्या प्रार्थनेला नेमाने येणारी एखादी विधवा आजी असते. यांतल्या काहीजणींना संघाशी असे नाते जोडायची ओढ असेल, पण तशी सोय आहे हे त्यांच्या कानावर घालणारे कोणी नसते. माझी भगिनींना विनंती आहे की, या वाटांची माहिती मराठीत आणि कन्नडमध्ये छापा, मिस्सेनंतर वाचून दाखवा आणि अंथरुणावरच्या माणसांच्या घरी स्वतः जाऊन सांगा.