पंच कोरणारा हात



सोलापुरात मुद्रकांचे संमेलन भरावे आणि अध्यक्षाने पंचांगाचे नाव काढू नये, हे कसे जमेल? लक्ष्मणशास्त्री दाते यांनी याच गावातून सुरू केलेले पंचांग शंभरी ओलांडून आजही घरोघरी उघडले जाते. गणित करणाऱ्यांचा मान मोठाच. आज मात्र मी त्यांचे आकडे धातूत उतरवणाऱ्यांविषयी बोलणार आहे.

मराठीत छापील पंचांग आणले गणपत कृष्णाजींनी, मुंबईत, १८३१ साली. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात शिळाछापाचे काम पाहून या गृहस्थाने स्वतःचे यंत्र उभे केले, शाईसुद्धा स्वतःच बनवली. सोवळ्याचा बाऊ करणाऱ्यांसाठी पुढे शाईत चरबीऐवजी तूप घातले, असे सांगतात. गिऱ्हाईकाची समजूत काढावी तर अशी!

त्याच मिशनच्या छापखान्यात एक पोरगा टाइपाचे खिळे घासायला लागला. तोच जावजी दादाजी चौधरी, जन्म १८३९. टॉमस ग्रॅहम यांच्या देखरेखीखाली चाललेले टाइपाचे काम त्याने डोळ्यांत साठवले. १८६४ मध्ये स्वतःची फाउंड्री काढली, १८६९ मध्ये ‘निर्णयसागर’ छापखाना. पंचांग, संस्कृत ग्रंथ, १८८६ पासून ‘काव्यमाला’. १८९२ मध्ये जावजी गेले, तोवर निर्णयसागरच्या टाइपाने देशभर नाव कमावले होते.

ते टाइप ज्याच्या हातून उतरले, त्या राणोजी रावजी आरूंचे नाव या सभागृहात किती जणांना ठाऊक आहे? हात वर करायला सांगत नाही, उगाच अवघडल्यासारखे होईल.

राणोजींचे काम जरा जवळून पाहू. पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, हाच पंच. टोक दिव्याच्या काजळीत धरून कागदावर ठसा घ्यायचा, भिंगाखाली पाहायचा, पुन्हा कानस चालवायची. मनासारखे उतरले की पोलादाला पाणी द्यायचे आणि तो पंच तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचा. त्या साच्यात, म्हणजे मातृकेत, शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतला की खिळा तयार. कानस केसभर जास्त चालली की कांब फुकट. त्यातून आपली लिपी देवनागरी. काना-मात्रा, रफार, जोडाक्षरे धरली की पंचांची संख्या शेकड्यांत जाते. आकड्यांची तऱ्हा निराळीच. उलटा कोरलेला १ नवख्याला ९ भासतो. गोष्टीच्या पुस्तकात अक्षर चुकले तर वाचक सावरून घेतो. पंचांगात घटी-पळांच्या रकान्यात १ चा ९ झाला, तर एकादशी कधी धरायची यावरून घरात भांडण! शास्त्राचे पुस्तक गणिताइतकेच अशा डोळ्यांवर उभे असते, असे माझे ठाम मत आहे. म्हणून जावजींच्या शेजारी राणोजींचे नाव छापले पाहिजे.

शास्त्राच्या पुस्तकांच्या बाबतीत सोलापूरलाही आपला हिशेब मांडता येतो. जैन संस्कृति संरक्षक संघाने इथून यतिवृषभांची ‘तिलोयपण्णत्ती’ काढली, पहिला भाग १९४३ मध्ये. प्राकृतातला, विश्वरचनेचा, मोठमोठ्या संख्यांनी खच्चून भरलेला ग्रंथ. १९६३ मध्ये महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ हिंदी अनुवादासह आला. राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातले हे गणित. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे मळखेड, इथून फार लांब नाही. कापडाच्या गिरण्यांचे गाव म्हणून आपल्याला ओळखणाऱ्यांना ही पुस्तके दाखवावीत.

आता कामाचे बोलतो. जुन्या छापखान्यांच्या माळ्यांवर खिळ्यांच्या केसेस, मातृका, क्वचित पंचही पडून आहेत. भंगारवाला त्यांचे मोल किलोने करतो. या संमेलनाने एक समिती नेमावी, घरोघरी जाऊन यादी करावी आणि कंपोझिंग केलेल्या वृद्ध मंडळींच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. तसा ठराव मी संध्याकाळच्या सत्रात मांडतो आहे. अनुमोदक हवा आहे.